वाईट काळात ऑफिसचा मूड कसा टिकतो आणि पिझ्झा पार्टी का पुरत नाही

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जाहीर केलं की आर्थिक वर्षभरात साधारण २ टक्के लोक कमी करणार, म्हणजे १२ हजारांच्या आसपास, आणि त्यातले जास्त करून मधल्या आणि वरच्या ग्रेडचे. तेव्हापासून पुण्यात हिंजवडी असो, खराडी असो की मगरपट्टा, कॅन्टीनमधल्या गप्पांची सुरुवात "तुमच्याकडे काय चाललंय?" अशीच होते. पुढच्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत टॅरिफ लावलं आणि भोसरी-चाकणकडचे एक्स्पोर्टवाले वर्कशॉपचे मालकही त्याच सुरात बोलायला लागले.

आणि नेमकं अशाच वेळी एचआरचा मेल येतो. एंगेजमेंट वीक! शुक्रवारी ट्रॅडिशनल डे, दुपारी पिझ्झा, चार वाजता मोटिव्हेशनल स्पीकर. लोक जातात, पिझ्झा खातात, फोटो काढतात आणि डेस्कवर परत येऊन नोकरीच्या साइटवर प्रोफाइल अपडेट करतात. मॅनेजमेंटला वाटतं एवढं केलं तरी लोकांची तोंडं उतरलेलीच, लोकांना वाटतं हे आपल्याला लहान मूल समजतात का. दोघंही तसे प्रामाणिक असतात खरं तर, फक्त मनोबल या एकाच शब्दाखाली दोघांच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात.

मनोबल म्हणजे आनंदी असणं नव्हे

मोराल किंवा मनोबल म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे हसरे चेहरे येतात. ज्यांनी नोकरीतल्या माणसांचा अभ्यास केलाय ते मात्र हा शब्द बराच रुक्ष अर्थाने वापरतात: इथे मेहनत करण्यात अर्थ आहे असं माणसाला वाटतंय का. बस एवढंच. माणूस वैतागलेला असू शकतो, वाकडच्या पुलाखाली तास घालवून चिडून आलेला असू शकतो, आणि तरी त्याचं मनोबल चांगलं असू शकतं, कारण त्याला माहितीये की आपण केलेलं काम मोजलं जाईल आणि आपल्याला कोणी फसवणार नाही.

मंदीत हे "अर्थ आहे" वाटणं तीन प्रश्नांवर अडकतं. मला पुढे काय होणार याचा अंदाज आहे का? मला जे सांगतायत ते खरं आहे का? आणि जो नियम मला लावला तोच वरच्यांनाही लावला का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर पिझ्झ्यात नाहीये. माझं पिझ्झ्याशी वैर नाही, चांगल्या वर्षात जरूर मागवा.

वाईट बातमीपेक्षा अर्धवट बातमी का छळते

पुण्यात राहणाऱ्याला हे पाण्यावरून लगेच कळेल. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद, असं महापालिकेने आधी सांगितलं की आपण काय करतो? बुधवारी रात्री पिंप भरतो, कपडे आदल्या दिवशी धुतो, सोसायटीच्या ग्रुपवर दोन शिव्या घालतो आणि गुरुवार निघून जातो. पिंपरी-चिंचवडला तर नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे, लोकांनी त्यावर आख्खं घर बसवलंय. पण न सांगता एखाद्या मंगळवारी सकाळी सात वाजता नळ कोरडा पडला तर पुढचा महिनाभर घरात रोज कोणी ना कोणी बादल्या भरून ठेवतं, पाणी येत असलं तरी. त्रास कमी पाण्याचा कमी आणि भरवसा उडाल्याचा जास्त.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०१६ साली याच गोष्टीवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना कॉम्प्युटरवर एक खेळ दिला, दगड उलटायचे, खाली साप निघाला की हाताला विजेचा छोटा शॉक. दुखणारा, पण सहन होणारा. लोकांना सगळ्यात जास्त टेन्शन कधी आलं तर शॉक बसायची शक्यता ५० टक्के असताना. शंभर टक्के बसणार हे माहीत असताना त्यापेक्षा कमी! म्हणजे "तुझी नोकरी जाणार आहे" हे वाक्य भयानक आहेच, पण "बघू, अजून काही ठरलं नाहीये, तू काम करत राहा" हे सहा महिने ऐकत राहणं शरीराला जास्त जड जातं. ज्याने कधी बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय, तीन-चार महिने काढलेत आणि रोज सकाळी रिसोर्स मॅनेजरच्या फोनकडे बघितलंय त्याला हा प्रयोग वेगळा समजावून सांगायला नको.

म्हणून अफवा. अफवा पसरवणारे लोक नालायक असतात असं एचआरला वाटतं, पण अफवा म्हणजे लोकांनी स्वतःच भरलेली बादली आहे. वरून काहीच येत नाही म्हटल्यावर टपरीवर जे मिळेल ते साठवून ठेवायचं.

मग कंपन्या पगार थोडा थोडा कापत का नाहीत? माणसंच का काढतात?

हा प्रश्न खूप जण विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. शंभर लोकांचा पगार १० टक्के कापला तर साधारण दहा लोकांची नोकरी वाचते, साधं गणित आहे. तरी कंपन्या ते टाळतात.

येल विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ ट्रुमन ब्यूली यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या मंदीत अमेरिकेच्या ईशान्य भागात ३०० हून जास्त लोकांना, म्हणजे मालक, मॅनेजर, युनियनवाले वगैरे, जाऊन सरळ हेच विचारलं. (अर्थशास्त्रज्ञ सहसा असं करत नाहीत, ते आकडे मागवतात.) उत्तर बहुतेकांचं एकच आलं: पगार कापला तर दुखावलेला माणूस रोज आपल्याच ऑफिसात येऊन बसतो. काढून टाकला तर दुःख त्याच्यासोबत दाराबाहेर जातं. ऐकायला निष्ठुर वाटतं, पण निदान खोटं नाही. म्हणजे गंमत बघा, माणसं काढायचा निर्णयसुद्धा मनोबलाचा विचार करूनच घेतला जातो, फक्त राहणाऱ्यांच्या मनोबलाचा.

पण या हिशोबात दोन गृहीतकं आहेत आणि दोन्ही तितकी पक्की नाहीत. एक, पगार कापल्यावर लोक बिघडतातच. दोन, माणसं काढल्यावर राहिलेले शांत बसतात.

पगार कापला, चोरी वाढली, पण सगळीकडे सारखी नाही

पहिल्या गृहीतकाबद्दल जेराल्ड ग्रीनबर्ग या संशोधकाचा १९९० चा अभ्यास मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात कोणाला "तुम्हाला कसं वाटतंय" असं विचारलेलं नाही, सरळ चोरी मोजलीये.

अमेरिकेतल्या एका कंपनीची मोठी कॉन्ट्रॅक्ट गेली. तिने दोन प्लांटमध्ये दहा आठवडे सगळ्यांचा पगार १५ टक्के कापला, तिसऱ्या प्लांटला हात लावला नाही. पहिल्या प्लांटमध्ये मोठ्या साहेबांनी साधारण दीड तास मीटिंग घेतली, कॉन्ट्रॅक्ट का गेलं, पैसा किती येतोय, कपात किती आठवडे चालेल हे तक्ते दाखवून सांगितलं, मनापासून दिलगिरी व्यक्त केली आणि प्रश्न घेतले. दुसऱ्या प्लांटमध्ये पंधरा मिनिटांत विषय संपवला: कपात आहे, धन्यवाद, कामाला लागा. कपात दोन्हीकडे तेवढीच. चोरी, म्हणजे प्लांटमधून हत्यारं-सामान गायब होणं, दोन्हीकडे वाढली, पण पंधरा मिनिटांवाल्या प्लांटमध्ये बरीच जास्त, आणि नोकरी सोडून जाणारेही तिथेच जास्त. पगार पूर्ववत झाल्यावर चोरी परत पहिल्या पातळीवर आली.

म्हणजे सव्वा तासाचा फरक. एवढ्याशा वेळात तर आपल्याकडे टाउन हॉलला, म्हणजे आख्ख्या कंपनीच्या मीटिंगला, सगळे लॉगिन होईपर्यंत "अॅम आय ऑडिबल" चालू असतं.

ग्रीनबर्गनेच २००६ मध्ये नर्सेसवर दुसरा अभ्यास केला. पगाराची पद्धत बदलल्याने ज्यांचे पैसे कमी झाले त्यांची झोप उडाली, हे अपेक्षितच. पण ज्यांच्या सुपरवायझर बायांना माणसांशी नीट कसं बोलायचं, माहिती कशी द्यायची याचं थोडं ट्रेनिंग दिलं होतं त्यांच्या हाताखालच्या नर्सेसना निद्रानाशाचा त्रास कमी झाला आणि तो फरक सहा महिन्यांनंतरही दिसला. पगार त्यांचाही कमीच झालेला होता हां. वाकडच्या फ्लॅटचा ईएमआय नीट बोलण्याने भरला जात नाही, कोणी तसं म्हणतही नाहीये, पण माणूस रात्री झोपू शकतो का हे त्याच्या थेट वरच्या माणसावर बरंच अवलंबून असतं.

जे राहिले ते खूश असतील ना?

दुसरं गृहीतक. नोकरी वाचली, अजून काय पाहिजे! असं घरचेही म्हणतात.

२००८ मध्ये अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी कंपन्यांचे आकडे तपासले तेव्हा दिसलं की कंपनीने १ टक्का माणसं कमी केली तर नंतर स्वतःहून राजीनामा देणाऱ्यांचं प्रमाण सरासरी ३१ टक्क्यांनी वाढतं. नीट समजून घ्या, ३१ टक्के लोक सोडत नाहीत, आधी शंभरातले दहा सोडत असतील तर आता तेरा सोडतात. आणि सोडणारे कोण, तर ज्यांना बाहेर लगेच मिळतं ते. कंपनी शंभरातल्या एकाला काढते, ज्यांना ठेवायचं होतं त्यातले आणखी तीन जण आपणहून जातात, आणि त्या सगळ्यांचं काम उरलेल्यांच्या टेबलावर येतं.

राहिलेल्या माणसाच्या मनात काय चालतं यावर जोएल ब्रॉकनर या संशोधकाने बरीच वर्षं काम केलंय आणि त्याचं सार असं की राहिलेले लोक कंपनीने गेलेल्यांना कसं वागवलं ते बघत असतात. माझ्या ओळखीतल्या एकाला दहा वर्षांच्या नोकरीनंतर सकाळी साडेदहाला कॉल आला आणि बाराच्या आत लॅपटॉपचा अॅक्सेस बंद, टीमला निरोपाचा मेलसुद्धा लिहू दिला नाही, डब्याची पिशवी डेस्कवरच राहिली ती सिक्युरिटीवाल्याने गेटवर आणून दिली. त्याच्या टीममधल्या मुलांनी त्या दिवशी एक ओळ कोड लिहिला नाही. डेटाची सुरक्षा मला कळते, अॅक्सेस बंद करावाच लागतो, पण सोबत कोणीतरी खाली गेटपर्यंत चालत जायला काय लागतं? ती मुलं आपलाच दिवस डोळ्यासमोर बघत होती.

कायदा मधे कुठे येतो

थोडक्यात सांगतो, कारण यातही भरवशाचाच प्रश्न आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या लेबर कोड (कामगार कायदे) लागू झाल्यात. कायद्याच्या व्याख्येतला "कामगार" असेल आणि वर्षभराची सलग नोकरी असेल तर नोकरकपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो. आता त्यावर १५ दिवसांचा पगार रीस्किलिंग (नवं कौशल्य शिकण्याच्या) फंडातूनही मिळायचा आहे. कारखान्यात ३०० किंवा जास्त कामगार असतील तर सरकारची आधी परवानगी लागते, पूर्वी ही मर्यादा १०० होती. आणि नोकरी कशीही संपली तरी राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे.

अडचण कुठे आहे, तर मॅनेजर लोक सहसा त्या "कामगार" व्याख्येत बसत नाहीत, आयटीतल्या डेव्हलपर-टेस्टरवरून वाद होत राहतात, आणि "तुम्ही स्वतःच राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगलं राहील" असं म्हटलं की कागदावर ती कपात राहतच नाही, मग वर लिहिलेलं काहीच लागू होत नाही. पुण्यातल्या आयटी कर्मचाऱ्यांची नाइट्स ही संघटना वर्षानुवर्षं हाच मुद्दा लावून धरतेय. आता मनोबलाशी संबंध जोडा: राजीनामा लिहून घेतलेली एक केस आख्ख्या फ्लोअरला कळते आणि त्यानंतर सीईओने टाउन हॉलमध्ये "वी आर अ फॅमिली" म्हटलं की मागच्या रांगेत लोक एकमेकांकडे बघतात.

"खरं सांगितलं तर चांगले लोक आधी पळतील"

मालक आणि मॅनेजर मंडळींचा हा पहिला आक्षेप आणि तो खोटा नाही. काही पळतील. पण ते असेही पळणारच आहेत कारण त्यांना आधीच कळलंय. ज्याला क्लायंटच्या कॉलवर बसवता त्याला बिलिंग कमी झालेलं कळत नाही असं समजणं जरा जास्तच आहे. भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये तर मशीनवर उभ्या असलेल्या पोराला मालकाच्या आधी कळतं, रॉ मटेरियलचा टेम्पो आठवड्यातून तीनदा यायचा तो एकदाच येतोय, ओव्हरटाइम बंद झालाय, दुसऱ्या पाळीला दिवे नसतात.

लिस्टेड कंपनीवाले म्हणतात, आम्हाला सेबीचे नियम आहेत, रिझल्टच्या आधी आकडे बोलता येत नाहीत. बरोबर आहे, नका बोलू. पण "१५ तारखेला रिझल्ट आहे, १७ ला मी तुमच्यासमोर येऊन तुमच्या डिपार्टमेंटचं सांगेन, तोपर्यंत कोणालाही काढणार नाही" हे सांगायला कुठलाच नियम आडवा येत नाही. बातमी देता येत नसेल तर बातमीची तारीख द्या. आणि मग १७ ला खरंच या, सांगायला काही नवीन नसलं तरी. एकदा तारीख चुकवली की पुढच्या तारखांना कोणी विचारत नाही.

"आमच्या दहा-वीस माणसांच्या शॉपला हे कुठलं परवडायचं"

उलट छोट्या ठिकाणी हे सोपं आहे, कारण मालक आणि कामगार यांच्यामध्ये एचआर नावाची भिंतच नाही. मंदीत तात्पुरतं काम बंद ठेवलं तर निम्मा पगार द्यायचा नियम ५० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांना आहे, छोट्या शॉपवर तशी सक्ती नाही, म्हणजे काय द्यायचं हे मालकाच्या मनावर राहतं. इथेच मनोबल ठरतं.

चाकण-पिंपरी पट्ट्याने २०१९ मध्ये गाड्यांची विक्री पडली तेव्हा हे सगळं बघितलंय. मोठ्या कंपन्यांनी ब्लॉक क्लोजर घेतले, म्हणजे ठरावीक दिवस प्लांट बंद, आणि त्यांना पार्ट पुरवणाऱ्या छोट्यांची कामं अर्ध्यावर आली. अशा वेळी काही मालक लोकांना जमवून ऑर्डरबुकच पुढे ठेवतात: एवढंच काम आहे, आठवड्यात चार दिवस चालवू, सगळ्यांना चार दिवसांचे पैसे, मीही घरखर्च तेवढाच उचलणार. दुसरे काही कंत्राटी पोरांना शनिवारी "सोमवारी फोन करतो" म्हणतात आणि फोन करत नाहीत. काम परत आलं की सेटिंग येणारा हुशार ऑपरेटर कोणाकडे परत जातो हे विचारायला नको, आणि सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, चांगला सेटर मिळवणं काय असतं ते भोसरीत कोणालाही विचारा.

आणि खंडेनवमीची पूजा टाळू नका. वर्ष वाईट आहे म्हणून यंदा हार-पेढे नकोत असं वाटतं मालकाला, पण मशीनची पूजा न झालेली दिसली की कामगार त्यातून वेगळंच समजतात. पेढे पाव किलो कमी आणा, चालतंय. पण मग त्याच महिन्यात स्वतःची नवी एसयूव्ही त्या मशीनशेजारी पूजेला लावू नका, हे सांगायची वेळ येऊ नये पण येते.

"मी साधा टीम लीड आहे, माझ्या हातात काय आहे?"

कपात तुम्ही ठरवत नाही, हाइक तुम्ही ठरवत नाही, बहुतेक वेळा तुम्हालाही मेल टीमसोबतच येतो. पण नर्सेसच्या अभ्यासात झोपेचा फरक पडला तो थेट वरच्या सुपरवायझरमुळे, सीईओमुळे नाही.

तेव्हा एक म्हणजे जे माहीत नाही ते "मला माहीत नाही" असं म्हणा, "सगळं ठीक होईल" म्हणू नका. हे वाक्य तुमच्या नावावर जमा होतं आणि नंतर वसूल केलं जातं. गेलेल्या माणसाचं काम कोणाला दिलंत तर त्याच मीटिंगमध्ये त्याच्याकडून काय काढून घेताय तेही सांगा, नाहीतर चार जणांचं काम करणारा माणूस दिवाळीनंतर तुम्हाला राजीनामा पाठवेल आणि तुम्ही आश्चर्य वाटल्याचं दाखवाल. कोणाला पीआयपीवर, म्हणजे "कामगिरी सुधारा नाहीतर जा" अशा मुदतीवर टाकायचं असेल आणि खरं कारण पैसे वाचवणं असेल, तर निदान वरच्यांना एकदा तरी तसं बोलून दाखवा. हे धोक्याचं आहे, मी नाही म्हणत नाही. आणि चांगल्या कामाचं कौतुक करा, पण नेमकं करा, "ग्रेट जॉब टीम" नको, "शनिवारी रात्रीचा तो डेटाबेसचा घोळ तू निस्तरलास म्हणून सोमवारची डिलिव्हरी झाली" असं.

गेलेल्या सहकाऱ्यांचे नंबर डिलीट करू नका. त्यांना रेफरन्स द्या, ओपनिंग कळलं तर पाठवा, फोन करा. कंपनी यासाठी एक रुपया देत नाही आणि तिला थांबवताही येत नाही. आणि उरलेली टीम ते बघत असते.